नाकाशिवाय जपान

काय गं,

तुझ्याबद्दल लिहायला बसले आहे म्हटल्यावर तू काय म्हणशील ते मला पाठ आहे. "ताई, तुम्हाला दुसरा उद्योग नाही का?" नाही. निवृत्त बाईला नसतो, आणि गुडघे गेलेल्या निवृत्त बाईला तर मुळीच नसतो. तेव्हा चष्मा लाव आणि गुमान वाच.

तुला माहीत असलेल्या काही गोष्टी पुन्हा सांगाव्या लागतील, कारण हे वाचणारी तू एकटी नाहीस. कंटाळा आला तर तेवढ्या ओळी सोड. नाहीतरी सोडशीलच.

तर मंडळी, ही माझ्या धाकट्या भावाची बायको. पाण्याचे पंप बनवणाऱ्या कारखान्याच्या कँटीनमध्ये मुख्य स्वयंपाकीण. कारखान्यात हिला झाकणबाई म्हणतात. पातेल्यावरचं झाकण वेळेआधी कुणी उचललं की ही त्याच्या हातावर पळी मारते. स्वतः कधी उचलत नाही. झाकणाला कान लावते आणि आत काय चाललंय ते ऐकते. भाताचं पाणी आटलं की आवाज कोरडा होतो म्हणे. रस्सा दाटला की बुडबुडे जड पडतात. मी कान लावून पाहिला, माझा कान भाजला.

या कँटीनची एक पद्धत आहे. फार वर्षांपूर्वी बिघडलेल्या जेवणाने तिथले बरेच लोक आजारी पडले होते. त्यानंतर जो स्वयंपाकी आला त्याने पहिल्याच दिवशी रांगेसमोर उभं राहून सांगितलं, "आधी मी खाणार, मग तुम्ही." तेव्हापासून दुपारचा भोंगा वाजला, रांग लागली, की अर्ध्यावर ओढलेल्या शटरखालून सगळ्यांना दिसेल असा मुख्य स्वयंपाकी पहिला चमचा तोंडात घालतो. थांबतो. मान हलवतो. मग शटर खडखडत वर जातं. तो स्वयंपाकी गेला, चमचा तुझ्याकडे आला. लोक पातेल्याकडे बघत नाहीत, तुझ्या मानेकडे बघतात. हे तूच मला अभिमानाने सांगितलं होतंस.

आणि त्या चमच्यामागच्या बाईचं नाक गेलं होतं.

ताप आला, उतरला, जाताना वास घेऊन गेला. जिभेला खारट, आंबट, गोड, तिखट कळायचं, बाकी सगळा पुठ्ठा. "ताई, लवंग चावली काय आणि खिळा चावला काय, सारखंच," असं तू नंतर म्हणालीस. पण हे नंतर. त्या वेळी तू कुणालाच सांगितलं नव्हतंस. माझ्या भावाला तर सांगून न सांगून सारखंच, त्याला मिठाच्या जागी साखर घातली तरी तो पेपर वाचत वाचत ताट संपवतो. तू रोज चमचा तोंडात घालत होतीस, मान हलवत होतीस, शटर वर जात होतं. आणि रोज तुला धाकधूक, की आज दूध फाटलेलं असेल, तेलाला वास मारत असेल आणि मला कळणार नाही. सांगितलं तर स्वयंपाकघरातून उचलून कुपनांच्या खिडकीत बसवतील. काचेमागे. भोकातून हात घालून लोक पैसे देणार, तू कुपनं फाडणार. त्या खिडकीला तू आजन्म घाबरलीस. पालीला घाबरत नाहीस इतकी.

एवढं सांगितल्यावर आता पुढचं सांगते.

त्या संध्याकाळी तू माझ्याकडे आलीस, चपला दाराशी भिरकावल्यास आणि म्हणालीस, "ताई, जपानचा नकाशा आहे ना तुमच्याकडे?"

मी कॉलेजात भूगोल शिकवला. जपानची चार मोठी बेटं मी डोळे मिटून फळ्यावर काढत असे. पण प्रत्यक्षात मी कधी बोटीतसुद्धा बसलेली नाही. "आहे की. कशाला?"

"जायचंय."

"कुणाला?"

"मला. तुम्हीपण चला."

"हा खुळेपणा कुठून काढलास?"

तू म्हणालीस, दवाखान्यात बसले होते, तिथे टीव्हीवर बघितलं. एक जपानी बाई वाटीतल्या शेवया सुरसुर आवाज करत ओढत होती आणि मग त्या दातांना कशा लागतात यावरच बोलत बसली. वासाबद्दल एक अक्षर नाही. निवेदक सांगत होता की त्या लोकांकडे तोंडाला काय कसं लागतं याचे शेकड्यांनी शब्द आहेत. मी विचारलं, दवाखान्यात कशाला गेली होतीस? म्हणालीस, पाठ. मी विश्वास ठेवला. तुझी पाठ खांबासारखी आहे हे मला माहीत असून.

कपाटावरून नकाशा काढला. भिंतीवर टांगायचा, कापडाला चिकटवलेला, गुंडाळून गुंडाळून कडा कुरतडल्यासारख्या झालेल्या. जेवणाच्या टेबलावर पसरला तर दोन्ही टोकं वर उठायला लागली. तू चटकन टोक्योवर मिरपुडीची बाटली ठेवलीस आणि दुसऱ्या टोकाला मिठाची. तेव्हापासून टोक्यो म्हणजे मिरपूड हे आपल्यात कायम झालं. क्योतोवर चहाचं गाळणं आलं, ओसाकावर काड्यापेटी, कानाझावावर अंडं ठेवायचा रिकामा कप. मीठ सरकत सरकत ताकामात्सुला जाऊन थांबलं. त्या टेबलावर कितीतरी आठवडे मला धड जेवता आलं नाही. मीठ हवं असलं तर आधी ताकामात्सुचं शिकोकू बेट मोकळं करावं लागायचं.

भांडणं मात्र झकास झाली. मी नकाशा बघून मार्ग आखायची, तू घड्याळ बघून. मी म्हटलं, ओसाकाहून सकाळी निघू, दुपारी ताकामात्सुला पोचू, वाटेत समुद्रावरचा पूल दिवसाउजेडी दिसेल. तू कपाळाला हात लावलास.

"वन्सं, तिथली शेवयांची दुकानं पहाटे उघडतात आणि दुपारी पातेलं रिकामं झालं की बंद. दुपारी पोचून काय वाट्या चाटायच्या?"

तू चिडलीस की मी 'ताई'ची 'वन्सं' होते, हे वाचकांसाठी.

"मग आदल्या दिवशी पोचू."

"आदल्या दिवशी ओसाकाचं जेवण आहे."

"जेवणाला सुट्टी नाही का?"

"कारखान्याला असते. पोटाला नसते."

मी एक देऊळ मागितलं, तू म्हणालीस तिथे काय मिळतं खायला? शोधून शोधून क्योतोतला एक मठ सापडला, जिथे देऊळही बघता येतं आणि भिक्षूंचं जेवणही मिळतं. तुला मान्य. मी एक बाग मागितली. तू म्हणालीस, बागेत चहा देत असतील तर ठीक. मी संग्रहालय मागितलं. तू म्हणालीस, तुम्ही जा, मी बाहेर खाण्याच्या गाडीवर उभी आहे.

पण मी जन्मभर पोरांच्या उत्तरपत्रिका तपासल्या आहेत, कुठे काय गाळलंय ते मला पटकन दिसतं. तू निवडलेल्या जेवणाचं मला कोडं पडायला लागलं. टोक्योत काय, तर थंडगार काळपट शेवया, आवाज करत ओढायच्या. कानाझावात हिवाळ्यातला खेकडा, कारण तो कवच फोडून खायचा. क्योतोत सोयाबीनच्या दुधावर येणारी साय, ओलीच काढून खातात ती. ओसाकात लोखंडी साच्यातले ऑक्टोपसचे गोळे, वरून कुरकुरीत, आत जीभ पोळेल असं पातळ. ताकामात्सुत जाड शेवया, चावताना दाताला झुंज देणाऱ्या. मी म्हटलं, अगं, कोळशावर भाजलेली वामही खातात तिथे, गल्लीभर दरवळतं म्हणे. तू म्हणालीस, नको. मी म्हटलं, चहाचा एवढा सुगंध. तू म्हणालीस, चहा आपल्याकडे नाही का? मी म्हटलं, त्यांचं ते आलं, ती लिंबासारखी फळं. तू नकाशावरची काड्यापेटी सरळ करत बसलीस.

मला वाटलं, बाईला आपले दात किती मजबूत आहेत ते दाखवायचंय.

मधेच तिकिटवाल्याकडे जाऊन आलो. त्याच्या खोलीत पंखा इतका जोरात की त्याची पत्रकं उडत होती आणि तो दोन्ही कोपरांनी ती दाबून बसला होता. म्हणाला, "मॅडम, आमच्या सहलीत सात शहरं, आणि रोज दोन्ही वेळा आपलं जेवण! आचारी सोबत असतो!"

तू विचारलंस, "आचारी काय करतो?"

"भात, भाजी, पोळी. घरच्यासारखं."

"ते मी रोज करते. त्यासाठी विमानात कशाला बसू? आणि त्या आचाऱ्याला जपानात नेऊन जपानी काही खाऊच देत नाही तुम्ही? कसली ही शिक्षा!"

तिकिटवाला माझ्याकडे बघायला लागला. मी म्हटलं, "माझ्याकडे बघू नका, मी फक्त नकाशावाली आहे."

नुसती तिकिटं काढून घेतली. पैशांचं तुझं तू बघितलंस, माझं मी. त्यात लिहिण्यासारखं काही नाही.

मग तुला तालमीची लहर आली. कँटीनच्या लोकांना नवा पदार्थ करायचा असला की आधी थोड्या प्रमाणात करून बघतात, तसं. सुट्टीच्या दिवशी माझ्या स्वयंपाकघरात एकेक शहर. सोयाच्या दुधाची साय तीनदा फाटली. शब्दांचीही तालीम चालायची. त्यांचं 'फुवाफुवा', मी म्हणायची, आपलं लुसलुशीत. त्यांचं 'साकुसाकु', तू म्हणायचीस, खुसखुशीत. 'नेबानेबा' आलं तेव्हा आपण दोघी एकदमच ओरडलो, बुळबुळीत! ते लोक म्हणे त्यावर खूश असतात. आपली माणसं बुळबुळीत म्हणताना तोंड वाकडं करतात. हे असं का, याचा मी अजून विचार करते आहे.

ताकामात्सुची तालीम शेवटची. त्या जाड शेवयांचं पीठ हाताने मळून भागत नाही, पायाने तुडवतात. पीठ जाड प्लॅस्टिकमध्ये गुंडाळायचं, वर फडकं, आणि उभं राहून टाचांनी दाबायचं. तू मोजे घालून माझ्या ओट्यासमोर, ओट्याकडे पाठ करून तुडवायला लागलीस. मी वरचा पंखा लावला, धूर ओढून घेणारा, कारण शेगडीवर छोट्या भांड्यात सोया सॉस आणि साखर आटत होती. माझा तो पंखा विमान उतरल्यासारखा आवाज करतो. तेवढ्यात बेल वाजली. खालच्या मजल्यावरची बाई.

"काय कुटताय मघापासून? आमच्याकडे छताचा रंग पडतोय."

"जपान," मी म्हटलं.

ती काही हसली नाही. तिला समजावण्यात वेळ गेला. दार लावून वळते तर सगळ्या घरात करपल्याचा वास, साखर जळल्याचा, डोळ्यांत पाणी आणणारा. स्वयंपाकघरात निळा धूर. आणि त्या धुरात तू, शेगडीकडे पाठ करून, मजेत पीठ तुडवते आहेस. गुणगुणते आहेस.

"अगं, जळतंय!"

"काय जळतंय?"

मी शेगडी बंद केली, भांडं नळाखाली टाकलं, पंखा बंद केला. एकदम शांत झालं. तू भांड्याकडे बघितलंस. मग माझ्याकडे. पिठावरून उतरली नाहीस.

"तुमच्या पंख्यामुळे ऐकू आलं नाही," तू म्हणालीस.

"ऐकू आलं नाही? अगं बाई, नाक कुठे गेलं होतं तुझं?"

तू म्हणालीस, "तेच तर."

आणि मग मोजे घातलेल्या पायांनी पिठावर उभं राहूनच तू सगळं सांगितलंस. ताप, खिळा, लवंग, चमचा, खिडकी. मी एरवी कुणाला इतका वेळ बोलू देत नाही.

"म्हणजे एवढ्या लोकांसमोर तू नुसती मान हलवतेस?"

"मीठ कळतं. तिखट कळतं. रस्सा झालाय की नाही ते कानाला कळतं. आणि पहिला माणूस घास घेतो ना, त्याचं तोंड बघते मी."

"तोवर तो खाऊन बसलेला असतो."

"हो."

"उद्याच्या उद्या सांगून टाक."

"नाही. आधी जपान." तू हट्टाने एक पाय आपटलास. पिठावरच, त्यामुळे आवाज आला नाही. "ताई, मला बघायचंय, नाक नसताना जेवण म्हणजे काय उरतं. नीट उरत असेल तर मी येऊन छाती पुढे काढून सांगेन आणि स्वयंपाकघर सोडणार नाही. नसेल उरत, तर मीच जाऊन त्या खिडकीत बसेन. कुणी बसवायला नको."

"आणि तोपर्यंत दूध-तेल कोण हुंगणार? मी?"

तू कबूल केलंस की त्याची धास्ती आहे. मग ठरलं: कोठीवाल्याला रोज सकाळी दूध, तेल, मासळी हुंगायला सांगायचं. कारण, तुला सर्दी. कोठीवाला भला माणूस, पण विडीचा धूर त्याच्या अंगात इतका मुरलेला की त्याला विडीशिवाय दुसरा कसला वास येत असेल याची मला शंका. महिना उलटल्यावर त्याने विचारलं, "बाई, ही सर्दी आहे की सोयरीक?" तरी हुंगत राहिला.

त्या दिवशीच्या शेवया आपण करपलेल्या सॉसशिवाय, नुसत्या मीठ घातलेल्या गरम पाण्यात खाल्ल्या. चिवट झाल्या होत्या. तू मात्र डोळे मिटून चावत होतीस, डोकं एका बाजूला कलतं करून, पातेल्याला कान लावतेस तशी.

पुढे माझ्या गुडघ्याने घोळ घातला. डॉक्टरने तपासून सांगितलं, जिना चढताना ही अवस्था, तर स्टेशनांवर काय होणार? माझं तिकीट रद्द. कुणी हळहळलेलं मला चालत नाही, तू हळहळायला तोंड उघडलंस तेव्हा मी म्हटलं, "गप. एकटी जा. मी नकाशावर येते."

"एकटी? मला बोलता येत नाही, वाचता येत नाही तिथलं."

"खाता येतं ना?"

माझा भाऊ म्हणाला, "जा की. मला अंडं उकडता येतं." त्याला येत नव्हतं, पण बोलला चांगलं.

मी तुझ्यावर एकच काम सोपवलं. ओसाकाहून ताकामात्सुला जाताना आगगाडी समुद्रावरच्या लांब पुलावरून जाते. तो समुद्र चारी बाजूंनी जमिनीने घेरलेला, आत छोटी छोटी बेटं विखुरलेली. मी वर्षानुवर्षं शिकवलं, शांत, उथळ, सुरक्षित. पण घेरलेल्या समुद्राला वास कसा येतो हे कुठल्या पुस्तकात नाही. उघड्या समुद्रासारखा खारा, की तळ्यासारखा? मी बोलून गेले, आणि मग माझ्या लक्षात आलं मी कुणाला हे सांगते आहे. तू मोठ्यांदा हसलीस. "विचारेन की कुणाला तरी. ज्याला नाक असेल त्याला." फोनवरून ऐकून ऐकून आपण वाक्य पाठ केलं. उमी नो निओइ वा दो देस् का. समुद्राचा वास कसा आहे? तू ते पिठाच्या हातांनी शंभरदा म्हटलंस.

गेलीस. मी मिरपुडीची बाटली उचलून बघितली, खाली टोक्यो होतं.

तू फोन केलास की पहिलं वाक्य कधीच तुझं नसायचं. आधी आवाज यायचा. टोक्योहून सुर्रर्र. "ऐकलंत? शेजारच्या टेबलावरचे साहेब. टाय लावलेला!" दुसऱ्या दिवशी तू काप्पाबाशी नावाच्या रस्त्यावर गेलीस, जिथे हॉटेलवाले भांडी घ्यायला येतात. तिथे दुकानांच्या काचेत ठेवायचे खोटे पदार्थ मिळतात, मासे, शेवया, भजी, सगळं हुबेहूब. "ताई, इथे मी दोन तास उभी होते. इथे कुणालाच वास येत नाही! सगळे माझ्यासारखे!" तू इतकी हसत होतीस की मला शेवटी फोन कानापासून लांब धरावा लागला.

कानाझावाहून खेकड्याचं कवच फुटल्याचा आवाज. क्योतोहून काहीच नाही, नुसती शांतता, आणि मग तू दबक्या आवाजात, "सायीचा आवाज येत नाही, म्हणून तसंच ऐकवलं. तोंडात ठेवली, होती, आणि मग नव्हती." मठातलं जेवण तुला आवडलं, देऊळ कसं होतं विचारल्यावर म्हणालीस, "लाकडी." ओसाकाहून चरचर, आणि मग किंचाळी. जीभ पोळली होती. "कळलं! कळलं!" असं ओरडत होतीस. लोक बघत असणार.

मी मात्र एकाच फोनची वाट बघत होते. ताकामात्सुचा फोन आला तेव्हा मी चहा गाळत होते, गाळण्यानेच, म्हणजे क्योतो हातात होतं. तिकडे ऊन वर आलं होतं. आवाज आला तो ओळखीचा. ट्रे सरकल्याचा, वाट्या आदळल्याचा, लोकांचा गलका. मला वाटलं तू परत येऊन कारखान्यातूनच बोलते आहेस.

"ताई, हे कँटीन आहे! रांग आहे, ट्रे आहे, सगळं आपल्यासारखं. पण शेवया नुसत्या उकडून तुमच्या हातात देतात. गरम पाण्यात तुम्ही बुडवायच्या. रस्सा नळातून तुम्ही ओतायचा. आलं-कांदा तुम्ही घालायचा. शेवटचं काम खाणाऱ्याचं! आचारी आत उभा आहे, त्याला पत्ताच नाही कुणाची वाटी कशी झालीय. आणि आरामात आहे हो!"

"ते राहू दे. काय उरतं ते सांग. नाकाशिवाय."

तू जरा वेळ चावत होतीस. मला ऐकू येत होतं.

"खोटं कशाला बोलू? बरंच जातं. ते परत येत नाही, दात कितीही चालवले तरी. शेजारच्या म्हाताऱ्याने वाटीवर तोंड आणून आधी श्वास घेतला ना, तेव्हा मला हेवा वाटला. पण मी उपाशी उठले नाही, ताई. एकाही गावात नाही."

"मग? खिडकी की स्वयंपाकघर?"

"आले की बघा," तू म्हणालीस आणि दुसरी वाटी घ्यायला रांगेत गेलीस. फोन बंद न करता. मी तुझी सगळी रांग ऐकली.

तू कामावर परतलीस त्या दिवशी मी काठी घेऊन कारखान्यात आले. पाहुणी म्हणून रांगेच्या शेवटी उभी राहिले. भोंगा झाला. शटर अर्धं. तू चमचा रश्श्यात बुडवलास, आणि तोंडात न घालता शटरखालून हात बाहेर काढलास. रांगेत पहिला होता तो लेथवरचा दांडगा मिस्त्री.

"चाख," तू म्हणालीस.

"मी? का हो बाई, विष घातलंय?"

"चाख आणि खरं सांग. माझं नाक गेलंय. बरेच महिने झाले. मला वास येत नाही. यापुढे रांगेत पहिला असेल तो चाखणार."

मिस्त्रीने चमचा तोंडात घातला. थांबला. मान हलली, पण आडवी.

"बाई, जरा करपट लागतंय."

मी काठी घट्ट धरली. तुझा चेहरा मला शटरखालून अर्धाच दिसत होता. तू त्याच्याशी वाद घातला नाहीस. पळी तळाशी नेऊन खरवडलीस, काळं वर आलं. आत वळून हाक मारलीस, "हे उतरवा. दुसरं चढलेलं आहे ते आणा." आणि दुसऱ्या पातेल्याच्या झाकणाला कान लावून उभी राहिलीस. सगळी रांग पोटात कावळे ओरडत असताना तुझ्या कानाकडे बघत होती. मग झाकण उघडलंस, चमचा मिस्त्रीला. या वेळी मान उभी हलली. शटर वर गेलं.

उशीर झाला म्हणून व्यवस्थापक धावत आला. ऐकलं आणि म्हणाला, "वास येत नाही? मग स्वयंपाकघरात ठेवायचं कशाला तुम्हाला?"

"झाकण वेळेवर उघडायला," मिस्त्री तोंड भरून म्हणाला. मागचे लोक हसले. व्यवस्थापक हसला नाही, पण त्या गृहस्थाला कुठल्याही गोष्टीचा नियम करून टाकला की बरं वाटतं. दुसऱ्या दिवशीपासून रोज दोघांनी चाखायचं, कोठीतला माल कोठीवाल्याखेरीज आणखी एका, विडी न ओढणाऱ्या माणसाने हुंगायचा, आणि तुझी मात्र स्वयंपाकघरातून हलवाहलव नाही. आता लोक चाखायला मिळावं म्हणून भोंग्याआधीच रांगेत घुसतात. मिस्त्री स्वतःला तज्ज्ञ समजायला लागला आहे. मीठ कमी आहे असं रोज सांगतो, आणि तू रोज त्याला सांगतेस, "मीठ मला कळतं. तू वासापुरतं बोल."

त्या संध्याकाळी तू माझ्याकडे आलीस, टेबलाशी पाय पसरून बसलीस. नकाशा अजून तिथेच होता. मी ताकामात्सुवरचं मीठ उचललं आणि विचारलं, "आणि माझा समुद्र?"

तू जीभ चावलीस.

"कुणाला विचारलंस?"

"ताई, जाताना पुलावर डोळा लागला. ओसाकाचे गोळे पोटात होते ना."

"आणि येताना?"

"येताना शेवया. चार वाट्या." मग घाईघाईने म्हणालीस, "पण वाक्य पाठ आहे! उमी नो निओइ वा दो देस् का."

आता ते मला विचारून काय उपयोग? मी तर नुसती नकाशावर होते.